हं आणि अंहं

हौशीरामअप्पांना चव कळेनाशी झाली आहे, ही गोष्ट, त्यांच्या हिशेबाने, साऱ्या जुन्नर तालुक्यात फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः अप्पा. त्यांच्या मते हाही एक माणूस जास्तच होता.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात तापाची ती साथ आली, तेव्हा जुन्नर-आंबेगावातल्या निम्म्या लोकांचे सांधे धरले. धडधाकट गडी खाटेवरून उठताना आईला हाका मारू लागले. अप्पांचे सांधे पंधरा दिवसांत सुटले. जीभ मात्र गेली ती गेलीच. तिखट तेवढं कळायचं, कारण तिखट ही काही चव नव्हे. तो मार आहे, आणि मार कोणालाही कळतो. बाकी गूळ, चिंच, खोबरं, कारलं, सगळं एकाच जातीचं लागायचं : ओल्या पुठ्ठ्याचं.

दुसऱ्या कोणाला असं झालं असतं तर त्याने डॉक्टर गाठला असता. अप्पांना ते जमणारं नव्हतं. नारायणगावच्या डॉक्टरकडे जावं तर त्याचा कंपाउंडर ओतूरचा. मंचरच्या डॉक्टरकडे जावं तर त्याची मेहुणी राजुरीत दिलेली. पुण्याला जावं तर गाडी चालवणार ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर नेमका कोणाचा माणूस आहे याचा अप्पांना अजून छडा लागला नव्हता. तो थोरल्या पोराचा नाही हे त्यांनी शोधून काढलं होतं. म्हणजे धाकट्याचा असणार.

इतकी काळजी घेण्याला कारण होतं. राजुरीच्या माळावर अप्पांचा मसाल्याचा कारखाना होता, 'हौशी मसाले प्रायव्हेट लिमिटेड', आणि त्या कारखान्याची सगळी मालकी, म्हटलं तर, अप्पांच्या जिभेवर उभी होती.

अप्पा मूळचे आणे गावचे, पठारावरचे. एक्क्याण्णव साली ते ओतुरात उतरले तेव्हा तिथे मिरची कुटायचे चार डंक होते आणि चारही डंकांना मिळून एकच मिस्त्री होता, पोपट. अप्पांनी कोणाशी भांडण काढलं नाही. त्यांनी पोपटला अर्ध्या भागीत घेतलं आणि पाचवा डंक टाकला. भागीदार झाल्यावर पोपट दुसऱ्यांच्या दुरुस्तीला कशाला जाईल? दोन उन्हाळ्यांत ते चार डंक एकेक करून बंद पडले. अप्पा चौघांनाही भेटून आले, हळहळले आणि येताना त्यांची यंत्रं भंगाराच्या भावात घेऊन आले.

मग राजुरीला शेड उभी राहिली आणि पाटी रंगवायची वेळ आली. पाटीवर दोघांची नावं टाकायचं ठरलं होतं. अप्पा म्हणाले, "पोपट, माझ्या मनात तसलं काय न्हाई बरं का. पण खायची वस्तू हाय. गिऱ्हाईक बिचकंल."

पोपटच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. गिऱ्हाईक कशाला बिचकेल, हे त्याला फोड करून सांगायची गरज नव्हती. त्याने पान्हे पिशवीत भरले. जाताना एवढंच म्हणाला, "गिऱ्हाइकाला इचारलं का पण, हौशीराम?"

विचारलं नव्हतं, हे खरंच. पुढे पोपटचा मुलगा धम्मपाल नारायणगावात दळणाची यंत्रं बनवायला लागला. त्याच्याकडची दोन यंत्रं हौशीच्या कारखान्यात बसली, आणि गिऱ्हाईक काही बिचकलं नाही. पण पाटी तोवर वाळली होती.

मसाला खपला तो एका वाक्यावर : 'मीठ आतच हाय!' हौशीचा मसाला टाकला की मीठ वेगळं टाकायचं काम नाही. बायाबापड्यांना ही सोय वाटली. मिठाच्या आणि मिरचीच्या भावातला फरक ज्यांना माहीत होता, त्यांना अप्पांची कळकळ समजली. काही असो, आळेफाट्यापासून घोडेगावपर्यंत लग्नाचे आचारी मिठाचं पोतं बाळगायचं विसरून गेले.

आता चवीचं. रोज सकाळी आठ वाजता कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या एका खोलीत, अप्पा येऊन बसत. भाजणीच्या बायांची मुकादम लंकाबाई त्या दिवसाचा मसाला कढत पाण्यात कालवून वाटीत घेऊन येई. अप्पा एक घोट घेत. 'हं' म्हणाले की खाली पॅकिंग सुरू. 'अंहं' म्हणाले की सगळा माल परत आणि पॅकिंगच्या बायांना त्या दिवशी सुट्टी. पंधरा वर्षांत या दोन शब्दांपुढे तिसरा शब्द कोणी बोललं नव्हतं.

दोन्ही पोरं मोठी झाली, थोरला गोरख गोदाम बघू लागला, धाकटा आदेश पुण्याहून एमबीए होऊन आला, आणि घरात 'आता अप्पांनी आराम करावा' अशी प्रेमळ भाषा सुरू झाली. अप्पांनी ती भाषा लगेच ओळखली. चार डंकवाल्यांशी ते स्वतः तीच बोलले होते. तेव्हा कंपनीच्या सभेत सगळ्यांसमोर त्यांनी पैज लावली : "ज्या दिवशी माझी जीभ चुकंल, त्या दिवशी खुर्ची गोरखची. मी आण्याला जाऊन शेरडं वळीन." टाळ्या पडल्या. आदेशने ते वाक्य ठरावाच्या वहीत टिपून घेतलं. तेव्हा अप्पांना ती पोराची हौस वाटली होती.

आता तीच वही त्यांच्या स्वप्नात येई.

पण माणूस मुरलेला. त्यांनी आठवड्यात तोड काढली. आठ वाजता वाटी आली की ते म्हणत, "आधी तुमी घ्या. बगू द्या, पंधरा वर्सात काय शिकला ते." मग गोरख, त्याची बायको आरती आणि आदेश, तिघं एकेक घोट घेत आणि अप्पा तिघांची तोंडं बघत. गोरख मान हलवायचा. आदेश म्हणायचा, "अप्पा, टॉप." आरती ऑफिस सांभाळायची, हुशार होती. ती म्हणायची, "तुम्ही म्हणाल तसं, अप्पा." हे उत्तर अप्पांच्या काही उपयोगाचं नव्हतं. शेवटी ते लंकाबाईकडे बघत. भट्टीपुढे पंधरा वर्षं काढलेली बाई. माल बिघडला असला की तिची डावी भुवई जरा वर चढलेली असे. भुवई खाली असली की 'हं', वर असली की 'अंहं'. तिला स्वतःला हे ठाऊक नसावं, असा अप्पांचा अंदाज होता.

या तोडीचा एक परिणाम त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. म्हातारा रोज परीक्षा घेतोय, ही वार्ता कारखान्यात पसरली. प्रत्येक वाटीत काहीतरी फसवणूक आहे असं लोक धरून चालू लागले. चहा गोड झाला तरी पॅकिंगच्या बाया एकमेकींकडे बघत, हा अप्पांनीच मुद्दाम करायला लावला की काय!

घरी तर आणखी कसरत. पन्नास वर्षं अप्पांनी बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. एकदम गप्प बसले असते तर प्रयागबाईंनी ओळखलंच असतं. म्हणून त्यांनी वार ठरवून घेतले : सोमवारी मीठ कमी, गुरुवारी जास्त. बिचाऱ्या प्रयागबाई त्याप्रमाणे सुधारणा करत गेल्या, आणि घरातल्या बाकीच्यांचे शुक्रवार वाईट जाऊ लागले. पण तक्रार कोणी केली नाही. प्रत्येकाला वाटे, आपल्यालाच हेरताहेत.

अशी चार महिने गाडी ढकलली आणि दत्तजयंती आली.

अप्पांचा पहिला डंक दत्तजयंतीला सुरू झाला होता. यंदा पंधरा वर्षं पुरी, म्हणून कारखान्याच्या मैदानात आमटी-भाकरीचा प्रसाद ठरला. आणे, ओतूर, राजुरी, सगळीकडची माणसं. मिरचीवाले, धण्यावाले, दुकानदार, टेम्पोवाले. आमटी पठारावरच्या पद्धतीने, माणूस पोहेल एवढाल्या कढयांत, आणि आचारी आण्याचा भागू. मसाला अर्थातच घरचा.

आता यात एक बारकी गोष्ट होती. प्रसादाचा स्वयंपाक नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चाखत नाही; चाखला तर उष्टा होतो. भागू हा नियम आईच्या दुधाबरोबर प्यायला होता. डोळ्यांनी रंग बघायचा, कानांनी उकळी ऐकायची, जिभेला मात्र सुट्टी. नैवेद्य झाल्यावर पहिली वाटी यजमानाला, म्हणजे अप्पांना. अप्पा 'हं' म्हणाले की पंगतीत आमटी वाढायची. आदेशने तर त्या 'हं'साठी माईक आणून ठेवला होता.

अप्पांनी आदल्या दिवशीच बंदोबस्त केला होता. लंकाबाईला सांगितलं, "उद्या माझ्या समोर उभी ऱ्हा. मान हाय तुझा." लंकाबाई म्हणाली, "बरं." ती सहसा एवढंच बोले.

दत्ताची आरती झाली. नैवेद्य झाला. भागूने वाटी आणली. अप्पांनी घोट घेतला. तिखटाने मार दिला, म्हणजे मिरची होती. पुढचं सगळं ओला पुठ्ठा. त्यांनी सावकाश, विचार करत असल्यासारखी मान वर केली आणि लंकाबाईकडे पाहिलं.

तिने धुरामुळे पदर डोक्यावरून घेऊन नाकातोंडाला गुंडाळला होता. भुवईसकट.

अप्पांनी भागूकडे पाहिलं. भागू हात जोडून जमिनीकडे बघत होता. गोरख वाढप्यांना रांगेत उभं करत होता. आरती पाहुण्यांना कुंकू लावत होती. आदेश माईक अप्पांच्या तोंडापुढे धरून हसत होता, आणि आपलं पोर हसतंय म्हणजे काय समजावं, हे अप्पांना कधीच कळलं नव्हतं.

दोन-अडीच हजार माणसं पत्रावळ्यांपुढे बसली होती. भाकरी वाढून झाली होती. पंधरा वर्षं ज्या शब्दावर काढली, तो शब्द आता आंधळ्याने नाणं फेकावं तसा फेकायचा होता.

"हं," अप्पा म्हणाले. माईकने तो राजुरीच्या माळावर तीनदा घुमवला.

वाढप सुरू झालं. भाकऱ्या कुस्करल्या गेल्या, आमटी ओतली गेली, पहिले घास तोंडात गेले. आणि मैदान गप्प झालं.

आमटीच्या पंगतीत अशी शांतता नसते. भुरके असतात, 'इकडं आणा' असतं. अप्पांनी कढयांकडे पाहिलं. काय झालं? मेलं की काय काही कढईत?

झालं होतं एवढंच, की आमटीत मीठ नव्हतं. खडाभरसुद्धा नाही.

पुढच्या पंगतीत भाकरी कुस्करत बसलेल्या दोन मिरचीवाल्यांची कुजबुज अशी झाली :

"आळणी हाय का रं?"

"गप बस."

"आरं पण साफ आळणी—"

"अप्पा 'हं' म्हणलं, तू ऐकलं न्हाईस? परीक्षा असंल ही. ध्यानात ठेव, गेल्या साली त्या बेल्ह्याच्या दुकानदारानं मसाल्यात गुठळ्या हायत म्हणून सांगितलं. आता कुठं हाय त्याची एजन्सी?"

"परसादाला नाव ठिवू नये म्हणत्यात."

"हां. तसं धर."

ही कुजबुज पत्रावळीगणिक पुढे सरकली, आणि पाहता पाहता मैदान बोलू लागलं. "लई भारी!" "अप्पा, अशी आमटी झाली न्हाई!" "आण्याची आठवण झाली, राव!" एका धण्यावाल्याने तर डोळे पुसले.

अप्पा पंगतीतून फिरत होते आणि प्रत्येक वाहवेला त्यांचा जीव खाली खाली जात होता. सत्तर वर्षांत त्यांनी माणसाला आमटी आवडलेली पुष्कळदा बघितली होती. आमटी आवडली की माणूस बोलत नाही, वाटी पुढे करतो. इथे सगळे बोलत होते आणि वाटी कोणी पुढे करत नव्हतं. आणि लोणचं! दोन हजार माणसांना पुरावं म्हणून आणलेलं लोणचं पहिल्याच पंगतीत तळाला गेलं होतं.

काहीतरी कमी आहे. काय? चिंच? लसूण? की काहीतरी जास्त आहे? आणि हे कोणी केलं?

तेवढ्यात गोरख मागून आला. गोरखला लहानपणापासून खरं बोलायची खोड होती. अप्पांनी ती मोडायचा बराच प्रयत्न केला होता. तो कानाशी वाकून म्हणाला, "अप्पा, घोळ झालाय. टेम्पोवाल्यानं दुबईच्या ऑर्डरची पोती उचलली. बिनमिठाचा माल आलाय. आमटी आळणी हाय. दुसऱ्या कढईत मीठ टाकून घेऊ का?"

दुबईची पोती. बिनमिठाचा माल. अप्पांच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. टेम्पोवाल्याला कोणी सांगितलं? पोती कोणाच्या ताब्यात असतात? गोरखच्या. जीभ चुकली तर खुर्ची कोणाची? गोरखची. आणि आता सांगायला कोण आलंय? किती गरीब चेहरा करून आलाय! असाच चेहरा करून आपण चार डंकवाल्यांकडे गेलो होतो.

"तुला कवा कळलं?" अप्पांनी विचारलं.

"आत्ताच. घास घेतला तवा." गोरख जरा थांबला. "अप्पा, तुमी तर चव घेतली व्हती ना?"

त्या 'ना'मध्ये काय होतं? साधा प्रश्न होता, की सुरी होती? अप्पांना वेळ नव्हता. आदेश माईक घेऊन शेजारीच होता, आरती पाच पावलांवर येऊन थांबली होती आणि कान देत होती. मीठ टाकायला हो म्हणावं, तर 'हं' चुकला. नाही म्हणावं, तर उद्या सगळा तालुका हसणार. ठरावाची वही आदेशच्या कपाटात होती.

अप्पांनी माईक ओढून घेतला.

"मंडळी," ते म्हणाले, "घास थांबवा."

घास थांबले. ते थांबण्याची वाटच बघत होते.

"आमटी आळणी हाय."

अप्पांनी माईक दुसऱ्या हातात घेतला.

"मी मुद्दाम करायला लावली. मला बगायचं व्हतं, पंधरा वर्सं माजं मीठ खाल्लेल्यांत खरं बोलणारं कोण हाय. तुमी काय बोललात ते ऐकलं मी. 'लई भारी!' 'आण्याची आठवण झाली!'" धण्यावाल्याने मान खाली घातली. "लाज वाटली पायजे, राव."

लाज वाटलीच. पण लाजेपेक्षा जास्त वाटला तो दरारा. दोन हजार माणसांच्या पोटात आळणी भाकरीबरोबर भीती गेली. केवढा हा माणूस! स्वतःच्या प्रसादात मीठ घालू दिलं नाही! आदेश तर भारावून बघत होता; एमबीएत असं काही शिकवलं नव्हतं. गोरखच्या चेहऱ्यावरही उजेड पडला. दुबईची पोती तिथे आली कशी, हे कोडं त्याला सुटत नव्हतं, आता सुटलं. अप्पांनीच आणवली!

अप्पांना वाटलं, जिंकलो. आणि तोच आरतीने गोड आवाजात विचारलं, "मग अप्पा, खरं बोललं कोण?"

सगळं मैदान अप्पांकडे बघू लागलं.

खरं बोलला होता एकटा गोरख. तो शेजारीच उभा होता, पोराने बक्षिसाला उभं राहावं तसा. त्याचं नाव घेतलं की झालं : अख्ख्या तालुक्यासमोर, माईकवर, खुर्चीचा वारस अप्पांनी स्वतःच्या तोंडाने नेमला. उद्या हीच आरती आराम करायला सांगेल. कोणाचंच नाव घेऊ नये, तर परीक्षेत काही अर्थ नाही. अप्पांची नजर मैदानावर भिरभिरली आणि कढयांशी उभ्या असलेल्या पदरावर येऊन थांबली.

"लंकाबाई," ते म्हणाले. "पयल्या घासाला येऊन माझ्या कानात म्हणाली, अप्पा, मीठ न्हाई. बाकी सगळी खोटी."

गोरखने मनाशी जुळवून घेतलं. आपल्या आधी लंकाबाई सांगून गेली असणार; आपण दुसरे आलो. दुसऱ्याला कुठे बक्षीस असतं? आरतीने मात्र नवऱ्याकडे पाहिलं, मग लंकाबाईकडे, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली. टाळ्या पडत होत्या. दोन हजार माणसांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. भागूने कढयांत मीठ टाकलं.

लंकाबाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. ती अप्पांच्या जवळपाससुद्धा आली नव्हती, हे त्या मैदानात दोनच माणसांना ठाऊक होतं.

रात्रभर अप्पांनी हिशेब मांडला. बाई काय मागेल? पगार? पोराला नोकरी? राजुरीत गुंठाभर जागा? प्रत्येक मागणीवर त्यांनी उत्तर काढून ठेवलं. मागणाऱ्या माणसाची त्यांना भीती नव्हती. मागणाऱ्याला थोडं देता येतं आणि मग त्याच्याकडून पुष्कळ घेता येतं. सगळी कंपनी अशीच उभी राहिली होती.

सकाळी आठच्या आधीच त्यांनी फर्मान काढलं : आजपासून चव घेताना खोलीत लंकाबाईशिवाय कोणी नको. आरती म्हणाली, "का हो, अप्पा?" अप्पा म्हणाले, "कालचं बगितलं न्हवं?" या उत्तरावर आता तालुक्यात कोणाला बोलता येणार नव्हतं.

लंकाबाई वाटी घेऊन आली. अप्पांनी दार लावून घेतलं.

"बस," ते म्हणाले. पंधरा वर्षांत त्यांनी तिला प्रथमच बसायला सांगितलं.

ती उभीच राहिली.

"काल माझी गोची झाली व्हती. तुजं नाव घेतलं. म्हातारपण हाय, चुकून एखाद्या दिशी—"

"चुकून न्हाई," लंकाबाई म्हणाली. "तुमची जीभ तापातच गेली. मला ठावं हाय."

अप्पांनी हातातली वाटी टेबलावर टेकवली. "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? गणपतीच्या आदी दोन दिस मी तुमच्या एकल्याच्या वाटीत नुसतं मिरचीचं पाणी दिलं. ना धणं, ना खोबरं. तुमी 'हं' म्हणला. दुसऱ्या दिशी पुन्ना दिलं. पुन्ना 'हं'."

"आणि भुवई?" अप्पांच्या तोंडून निसटलं.

"ती तुमी बगताय हे दिसलं की मला. मग वर-खाली करत गेले. माल खराब जाऊन आमाला शिव्या बसण्यापरास बरं."

म्हणजे चार महिने कंपनी भुवईवर चालली होती, आणि भुवईला ते माहीत होतं! अप्पा खुर्चीत मागे रेलले. काचेतून खाली पॅकिंगच्या बाया दिसत होत्या, टोप्या घालून, 'हं'ची वाट बघत.

"घरात कुणाला बोललीस? गोरखला? आरतीला?"

"न्हाई."

"का न्हाई?"

लंकाबाईने खांदे उडवले. अप्पांना हे उत्तर मुळीच आवडलं नाही. खांद्यांत काय दडलंय, कोणी सांगावं?

"बरं, आता बोल. काय पायजे तुला?"

"काय नगं."

"असं कसं? कायतरी पायजेच असंल. पगार वाडवू?"

"वाडवा की. पण मी मागितला न्हाई."

"पोराला चिकटवू हितं?"

"पोर एसटीत हाय. बरं चाललंय त्याचं."

"जागा?"

"अप्पा, काय नगं म्हणते ना."

काही नको म्हणणाऱ्या माणसाशी अप्पांनी आजवर एकच व्यवहार केला होता, पान्हे पिशवीत भरून निघालेल्या त्या माणसाशी. आणि त्यात कोण जिंकलं, हे त्यांना अजून ठरवता आलं नव्हतं. ही बाई आरतीची तर नाही? आदेशची? की ड्रायव्हरची कोणी लागते? त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. दोन्ही भुवया जागच्या जागी होत्या. आता त्या काही सांगणार नव्हत्या.

"वाटी निवतीय," लंकाबाई म्हणाली.

अप्पांनी घोट घेतला. मार बसला. मग ओला पुठ्ठा.

"आज 'अंहं' म्हणा," लंकाबाई म्हणाली.

"का? काय कमी हाय?"

"तुमाला सांगून काय उपेग, अप्पा?"

ती हे उद्धटपणे बोलली नाही. जन्माच्या आंधळ्याला कोणी इंद्रधनुष्य समजावत बसत नाही, तितक्या सहज बोलली. चाळीस पोती माल होता खाली. 'हं' म्हणावं, तर ती दार उघडून सरळ आरतीकडे जाऊ शकत होती. जाईल का? बहुतेक नाही. 'बहुतेक'वर अप्पांनी आयुष्यात कधी काही सोडलं नव्हतं.

त्यांनी खिडकीची काच सरकवली.

"अंहं," ते म्हणाले.

खाली यंत्रं बंदच राहिली. गोरख धावत पोत्यांकडे गेला, चिमूट तोंडात टाकली, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग समजल्यासारखी मान डोलावली. आदेशने वर बघून अंगठा दाखवला. काल दोन हजार माणसांचं खोटं पकडणारा माणूस आज काय पकडतोय, हे कोणाला कळलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना कळल्यासारखं झालं होतं. पोती परत गोदामात जाऊ लागली.

लंकाबाई वाटी घेऊन खाली गेली.

अर्ध्या तासाने अप्पांना फाटकाशी हसण्याचा आवाज आला. पॅकिंगच्या बाया टोप्या काढून, पिशव्या घेऊन टेम्पोत चढत होत्या. त्यांतली ठकूबाई वरून सरूबाईला हात देत होती. लंकाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली होती. टेम्पो ओतूरच्या दिशेने वळला. तिथे आज आठवड्याचा बाजार होता.

अप्पांनी वाटीच्या जागी टेबलावर सांडलेला एक थेंब बोटाने टिपला आणि जिभेवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दारावर टकटक झाली, आणि आरतीचा आवाज आला, "अप्पा, आत येऊ? काय कमी होतं हो आज मालात?"

"तूच सांग," अप्पा म्हणाले. "बगू, काय शिकलीस ते."